जिनवाले गेले नाहीत

आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको: संघ गेला नाही. नंदुरबारातच आहे. काल संध्याकाळीही जिनाच्या अंगणात धूळ उडत होती आणि कुंपणावर पोरं लटकली होती. ती धूळ दिसली की आजही माझ्या छातीवरचं काहीतरी उतरतं. मी भांडखोर माणूस आहे, छापखान्यात खिळे जुळवता जुळवता पत्रकं लिहायला शिकलेला. सुटकेचा श्वास वगैरे लिहायची मला सवय नाही. पण एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तो टाकला. तो कसा टाकला ते लिहून ठेवतो.

संघ आट्यापाट्यांचा. आमच्याकडे शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटतं की आट्यापाट्या म्हणजे पोरांचा खेळ. त्यांनी एकदा येऊन पाहावं. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या आणि त्या सगळ्यांना कापत जाणारी मधोमध एक उभी. प्रत्येक पाटीवर एक गडी पाय रोवून उभा. पहिल्या पाटीवरचा तो सूर; त्याला मधल्या उभ्या रेघेवरूनही धावता येतं, आणि पाटीवाल्याच्या जोडीनं तो समोरच्याला कोंडीत धरतो. समोरच्यांनी हुलकावण्या देत एकेक पाटी ओलांडायची, शेवटची ओलांडली की उलटं फिरून परत यायचं आणि 'लोण!' म्हणून ओरडायचं. वाटेत पाटीवाल्याचा हात लागला की बाद; आम्ही म्हणतो, मेला. जोर कमी, अक्कल जास्त. आणि पाय.

हा संघ पगारी होता. पगारी खेळाडू म्हटलं की पुण्याकडचे लोक नाक मुरडतात. मुरडू देत. पोट भरलेल्यांनीच हौसेनं खेळावं आणि कष्ट करणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, हा कुठला न्याय?

सुरुवात कापसानं केली. हंगामात खेड्यापाड्यांतून बैलगाड्या यायच्या, प्रकाशा गावाकडून, तळोद्याकडून, पार डोंगराच्या पायथ्यापासून. काट्यावर नंबर लागेपर्यंत गाडीवाले जिनाच्या अंगणात बसून राहायचे. बसून कंटाळा येतो, म्हणून ते आट्यापाट्या खेळायचे. जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, मारवाडी शेठचं. शेठनं पाहिलं की खेळ रंगला की गाड्या दुसऱ्या जिनाकडे वळत नाहीत. मग त्यानं चांगले खेळणारे गाडीवाले हेरले आणि आपल्या शेतावर सालदार म्हणून, वर्षाच्या बोलीवर, ठेवले. दिवसा शेत आणि जिन, संध्याकाळी खेळ. गाव त्यांना 'जिनवाले' म्हणायला लागलं. डोक्यात धंदा होता हे खरं. पण खेळ सुरू झाला की शेठला बघवायचं नाही. तो अंगणात खुर्ची टाकून मैदानाकडे पाठ करून बसायचा आणि दर थोड्या वेळानं विचारायचा, "काय झालं? कोण मेलं?" हे मी स्वतः पाहिलेलं आहे आणि ते मला त्या काळात अजिबात आवडत नसे, कारण शेठला मनापासून शिव्या देणं त्यामुळे अवघड व्हायचं.

पहिली दोन वर्षं संघ सगळीकडे हरला. गाडीवाले अंगानं जड. मग शेठनं मोलगीच्या बाजारातून एक गडी आणला. डोंगरातला माणूस, मोहाची फुलं विकायला बसला होता. बाजारात बैल उधळला तेव्हा हा गर्दीतून असा वाट काढत गेला की कुणाच्या खांद्याला त्याचा खांदा लागला नाही. शेठ तिथल्या तिथे म्हणाला, "हा आपला." त्याच्यानंतर जिनवाले जिंकू लागले. धुळ्याच्या सामन्यांची ढाल आली, ती गेली, पुन्हा आली. एका वर्षी तापानं अर्धा संघ झोपला आणि शहाद्याच्या पोरांनी आम्हांला धुऊन काढलं. पुढच्या वर्षी आम्ही त्यांना कोंडीत धरधरून मारलं.

'आम्ही' म्हणतोय, कारण तापाच्या त्या वर्षी भरीचे गडी घेऊनही एक पाटी रिकामी राहिली आणि मी तिच्यावर उभा राहिलो, तो कायमचाच. आठ सालदार आणि नववा मी, बिनपगारी. शेठनं पगार देऊ केला होता. मी म्हणालो, मी कुणाचा सालदार नाही. त्यावर आमचा कप्तान म्हणाला, "तुन्हा खेळ पाहीसन कोन सालदार ठेवाव शे तुले?" सगळे हसले. कप्तान प्रकाशाचा, तापीकाठचा कोळी, वयानं आमच्यापेक्षा मोठा, म्हणून सगळे त्याला आबा म्हणायचो. सूरपाटीवर तोच असायचा.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून खुपायची. शेठनं सगळ्यांना बंड्या शिवून दिल्या होत्या आणि पाठीवर जिनाचा मार्का छापला होता. रंगही तोच, काळा, आणि साचाही तोच, जो कापसाच्या गासडीवर मारतात. माणसाच्या पाठीवर गासडीचा शिक्का! मी बंडी उलटी घालायचो. आबा म्हणायचा, "घाम आना की उलटी बी सुलटीच दिसस."

मग मंदी आली. कापसाला कुणी विचारेना. गाड्या कमी झाल्या, सरकी काढायची यंत्रं, रेचे, थंड पडले. सरकीच्या ढिगावर कुत्री झोपू लागली. शेठ दिवसभर ओट्यावर बसून राही. चैत्रात एके संध्याकाळी त्यानं आम्हांला अंगणात बोलावलं. शेजारी एक पांढऱ्या टोपीचा माणूस बसला होता, नवापूरचा. लाकडाच्या वखारीवर पैसा केलेला आणि आता सुरतेच्या वाटेवर स्वतःचं जिन टाकणारा.

शेठ म्हणाला, "रेचे मी ह्यांना दिले. आखाजीनंतर गाडीत चढतील." मग जरा थांबून म्हणाला, "आणि संघही. माणसं चांगली आहेत, ह्यांना सांगितलं मी. दिवाळीपर्यंत तर तुमचं साल आहेच. पुढचं हे बघतील."

नवापूरवाला हसून म्हणाला, "बधा येजो, सगळे या. तिकडे बारा महिने काम छे. खेळायला मोठं मेदान देईन."

आबानं मान खाली घातली. मोलगीचा गडी आपल्या पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ काढत राहिला. मी बोललो. मला विचारलेलं नव्हतं तरी बोललो.

"शेठ, रेचे तुमचे. माणसं तुमची आहेत हे कुणी सांगितलं?"

"तुला पगार नाही, तू कशाला बोलतो?" शेठ म्हणाला. रागानं नाही. थकून.

रात्रभरात पत्रक छापून निघालं. 'नंदुरबारकरांनो, संघ विकला जातो आहे!' असं वर, आणि खाली मी माझी सगळी आग ओतली होती. माणसं काय रेचे आहेत, उचलून आगगाडीत घालायला? गावाची शान भंगाराच्या भावानं जाते आहे आणि गाव विडी ओढत बसलं आहे, असं बरंच. मंगळवारच्या बाजारात वाटलं. लोकांनी वाचलं, मान डोलावली, त्यात हिरव्या मिरच्या बांधून घरी नेल्या. शेठनंही एक मागवून घेतलं. वाचून म्हणाला, "लिहितो बरा. पण शाई हाताला लागते."

सगळ्यांत जास्त चिडला तो आबा. संध्याकाळी अंगणात त्यानं पत्रक माझ्यासमोर धरलं.

"हाई कोन्हं काम?"

"माझं."

"चांगलं शे. नंदुरबारनी शान, नंदुरबारनी इज्जत, बठ्ठं शे यामां. आमनं काय शे? आमले कोनी इचारं का, भो, तुमले जानं शे का ऱ्हानं शे?"

मी म्हणालो, "मग विचारतो. जायचंय का?"

आबानं पत्रकाची घडी घातली. मग म्हणाला, "मन्ही माय प्रकाशाले एकली शे. माले नही जानं." बाकीच्यांचंही तसंच काहीसं होतं. कुणाची बायको बाळंतपणाला आलेली, कुणाचं घर नुकतं शाकारलेलं. फक्त मोलगीचा गडी म्हणाला, "तठे काम शे. आठे जिन बंद पडनं. मी काय खासू?" त्याच्या घरचे दरवर्षी तसेही सुरतेकडे ऊस तोडायला जायचे. त्याला जाणं नवं नव्हतं. त्याला राहायला कारण हवं होतं.

आणि त्याच्याशिवाय संघ म्हणजे काय, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. तो गेला की आट्यापाट्या राहतील, जिनवाले राहणार नाहीत.

चैत्राच्या शेवटाला आमच्याकडे एकच बोलणं असतं: आखाजीला कोण कुणाला सोडतो. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच लागतं. त्या दिवशी दुपारी जुन्या मालकाकडे पुरणपोळी आणि आमरस खायचा. मालक कितीही चिकट असला तरी त्या दिवशी वाढतो. जेवलं की माणूस मोकळा. राहायचं तर राहा, नाही तर नव्या दारी जा. आमच्या आळीत दोन बायका ओट्यावर बसून सालदारांची उणीदुणी काढत होत्या. एकीचा तिच्याकडे जाणार, दुसरीचा हिच्याकडे येणार. ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात उजेड पडला. शेठ म्हणाला होता, दिवाळीपर्यंत!

शेठच्या घरात साल दिवाळीला बदलतं. लक्ष्मीपूजन झालं की नव्या वह्या आणि जिनाची शिट्टी. इतकी वर्षं संघातला एकही गडी आखाजीला शेठला सोडून गेला नव्हता. आमरस ओरपून सगळे संध्याकाळी पुन्हा त्याच अंगणात खेळायचे. म्हणून शेठ विसरला होता की दरवर्षी ही माणसं एका दुपारपुरती कुणाचीच नसतात. दरवर्षी ती नव्यानं राहतात. त्यानं नवापूरवाल्याला जे विकलं होतं ते त्याच्याकडे आखाजीपर्यंतच होतं.

पण मोकळं होऊन जायचं कुठे? मंदीत नवा सालदार कोण ठेवणार? आठ माणसांना एक मालक मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, आठ मालक शोधायचे. एकेका दारी एकेक. आणि खरं सांगू, मला ते जास्तच आवडलं. एक मालक संघ विकू शकतो. आठ मालक एकमेकांना विचारत बसतील.

पत्रक बाजूला ठेवलं आणि दारोदार फिरलो. हे पत्रकापेक्षा कितीतरी कठीण काम. पत्रकात समोरचा मधे बोलत नाही. घाणेवाल्या तेल्यानं आबाला घ्यायचं कबूल केलं, पण आधी तासभर मला सांगितलं की धुळ्याच्या सामन्यात माझ्या पाटीवरून तीन लोणं कशी गेली. लोखंडाच्या दुकानाचा बोहरी म्हणाला, "मला पहाटे उठणारा पाहिजे, रात्री पळणारा नको," आणि मग म्हणाला, "बरं, पळणाराच दे." स्टेशनजवळची खानावळवाली बाई म्हणाली, "एक माले दे. पन भाकर किती खास ते आधी सांग." गावाजवळच्या गुजर शेतकऱ्यानं दोन घेतले. गावातले वकील, ज्यांनी माझ्या पत्रकाची सगळ्यांत जास्त तारीफ केली होती, त्यांनी कुणालाच घेतलं नाही. त्यांचं नाव मी पत्रकात छापू इच्छितो, पण इथे नको.

होता होता सात जागी लागले. राहिला मोलगीचा गडी. ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तोच.

त्याला कुणी घेईना. कारण प्रत्येक दारी तेच. "होळीले पहाडमां जाई, मंग कव्हय येई?" डोंगरात होळी म्हणजे आमच्या दिवाळीच्या वरची. माणूस कुठेही असो, होळीला घरी जातो, पंधरा दिवस नाचतो आणि मग सावकाश उतरतो. ऐन हंगामात गडी नसला तर मालकाची पंचाईत. मी प्रत्येकाशी भांडलो. तुम्ही गणपतीत दुकान बंद ठेवता ते चालतं, त्यानं होळीला जायचं नाही? बोहरी म्हणाला, "मी गणपतीत बंद नाही ठेवत." तेही खरंच.

आखाजी उजाडली. सकाळी घरोघर घागरी भरून झाल्या, माहेरी आलेल्या मुली चिंचेच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या, चौकाचौकात पुरुष पत्ते घेऊन बसले होते. शेठच्या ओसरीवर पंगत मांडली. सालदार बसले. मी सालदार नव्हतो, पण शेठ म्हणाला, "बस तूही, पोट काय पत्रकानं भरतं?" बसलो. रस उत्तम होता, हे मला रागातही कबूल करावं लागतं. नवापूरवाला पाटावर बसला होता. त्याचा माणूस संध्याकाळच्या गाडीची तिकिटं खिशात घालून आला होता. बाहेर रस्त्यावर तेली उभा होता, बोहरी उभा होता, खानावळवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. शेठनं त्यांना पाहिलं. त्याला वाटलं, हे माणसांना निरोप द्यायला आले.

आबानं हात धुतले, तोंड पुसलं आणि शेठसमोर उभा राहिला.

"शेठजी, आज आखाजी. साल सरनं. राम राम."

"हो, हो, राम राम," शेठ म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "सरलं म्हणजे? दिवाळी कुठे आली अजून?"

"दिवाई तुमनी, शेठजी. आमनी आखाजी."

आबा पायऱ्या उतरला आणि तेल्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग दुसरा उठला, बोहऱ्याकडे गेला. मग तिसरा. एकेक करून उठत होते, राम राम म्हणत होते, पायऱ्या उतरत होते. नवापूरवाला आधी बघत राहिला, मग पाटावरून उठला. "शेठ, आ शुं? तुम्ही तर दिवाळीपर्यंत बोलला होता!"

शेठनं समोरचं एक रिकामं पान उगाच सरळ केलं.

ओसरीवर मी आणि मोलगीचा गडी उरलो. त्याचं जेवण झालं होतं. तो पानाकडे बघत बसला होता. नवापूरवाला त्याच्याकडे वळला. "हा तर आपला ने? चाल भाई. एवढा एक आला तरी चालेल." आणि मला माहीत होतं, एवढा एक गेला तर आमचं सगळं गेलं. बाहेर सात माणसं उभी होती, त्यांनाही माहीत होतं. माझ्या पिशवीत दुसरं पत्रक तयार होतं, शेठचं नाव घेऊन लिहिलेलं, सकाळीच छापलेलं. मी पिशवीला हात घातला.

शेठनं त्या गड्याला विचारलं, "तू कुठे जातो रे?"

"माले मालक नही भेटना," तो म्हणाला आणि नवापूरवाल्याकडे मान वळवली. "तर मंग हाऊ नेई तठे."

"का नाही भेटला?"

"होळीले जास म्हनीसन."

शेठ नवापूरवाल्याकडे वळला. "तुम्ही होळीला सोडाल ह्याला?"

"होळीला? सीझनमां? केम सोडू?"

शेठ उठला. धोतराचा सोगा झटकला. आणि अशा आवाजात बोलला, जो मी त्याच्या तोंडी फक्त एकदाच ऐकला होता, ढाल परत आली तेव्हा.

"मालक नाही म्हणजे? मी मेलो काय? शेत आहे माझं अजून. जिन गेलं, शेत नाही गेलं. ह्याचं साल आजपासून माझ्याकडे. होळीला जाईल. पहिल्यापासून जातो, मी काय नवीन ठेवतोय?" मग नवापूरवाल्याला हात जोडून म्हणाला, "रेचे न्या. ठरलेत तसे न्या, वाटलं तर भावात चार पैसे कमी करा. माणसं माझ्याकडे नव्हतीच. मी चुकून बोललो."

त्या वेळी मी शेठच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याला फसवलं गेलं म्हणून संताप दिसेल असं मला वाटलं होतं. मला तो हवाही होता. दुसरं पत्रक त्याच्यावर उभं होतं. पण तिथे काय होतं सांगू? ज्या माणसाला दात काढायला बसवलं होतं आणि वैद्य म्हणाला, राहू द्या, त्याचं तोंड. सुटका. शुद्ध सुटका. सांगायचीसुद्धा लाज वाटेल अशी.

मोलगीचा गडी हसला. तो क्वचित हसायचा. "मंग सांजले खेळनं शे का?" त्यानं विचारलं.

"विचारतो काय?" शेठ म्हणाला.

संध्याकाळी आम्ही आपसांतच दोन बाजू पाडून खेळलो. रेचे उचलण्यासाठी शेडची पुढची कुडाची भिंत काढली होती, त्यामुळे अंगण मोठं दिसत होतं. नव्या मालकांनी आपापले गडी आणून सोडले आणि स्वतः कडेला बसले. तेली आणि बोहरी यांचं आबाच्या पहिल्याच हुलकावणीवरून भांडण जुंपलं. खानावळवालीनं माझ्या पाटीसमोर बसून मला काय काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. मी पाहिलं तर सगळ्यांच्या बंड्या उलट्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. घाम आला आणि शिक्का आतून उमटू लागला, उलटा, वाचता न येणारा.

माझ्या पिशवीतलं दुसरं पत्रक? ते आबानं घेतलं आणि त्यात बोहऱ्याच्या पोराला सांजोऱ्या बांधून दिल्या. मी हरकत घेतली नाही. आयुष्यात मी लिहिलेल्यांपैकी तेच एक पत्रक वाटावं लागलं नाही, याचा मला अजूनही आनंद आहे.

मोलगीच्या गड्यानं एकेक पाटी ओलांडली, कोंडीतून निसटला आणि परत फिरला. शेठ खुर्चीत पाठ करून बसला होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही शेठ," मी पाटीवरून ओरडलो. "लोण!"